नाळे सरांची पीपीटी

आमच्या संस्थेच्या माजी सचिवांच्या शोकसभेत टाळ्या वाजल्या. कुणी वाजवल्या नाहीत, वाजल्या. सगळा स्टाफ माना खाली घालून उभा, दोन मिनिटांची शांतता चाललेली, आणि पडद्यावर कैलासवासी अण्णांचं नाव एकेक अक्षर करून वरून पडत होतं. प्रत्येक अक्षर चेंडूसारखं तीनदा उसळायचं आणि स्पीकरमधून टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. अण्णांचं नाव, वडलांचं नाव, आडनाव. मी भूगोल शिकवते, उगीच हसणाऱ्यातली नाही. पण त्या दिवशी पदराचा बोळा तोंडात कोंबून उभी राहिले.

हे काम नाळे सरांचं. गॅदरिंगची फाइल घेऊन त्यात नुसतं नाव बदललेलं. "टाळ्या काढायच्या ऱ्हायल्या बगा," ते नंतर म्हणाले. मुख्याध्यापक रागानं लाल झाले होते. पण अण्णांचा मुलगा जाताना सरांचा हात धरून म्हणाला, "अण्णांना टाळ्या लई आवडायच्या हो." त्यामुळे सर वाचले.

नाळे सर आमचे चित्रकलेचे शिक्षक. मूळचे करमाळ्याकडचे. सोलापुरात तीस वर्षं काढली, पण 'हाय' आणि 'न्हाय' सोडलं नाही. शाळेत कॉम्प्युटर आला त्या दिवशी त्यांनी हातातला ब्रश जो खाली ठेवला, तो ठेवलाच. आता चित्र हलतंय म्हटल्यावर न हलणारं कशाला काढायचं, हा त्यांचा हिशोब. अ‍ॅनिमेशनला त्यांनी स्वतःची नावं दिली होती. गोल फिरत येणारं ते 'गिरकी', बाजूनं उडत येणारं ते 'भुर्र' आणि उसळणारं ते 'टणाटण'. पालकसभा आली की स्टाफरूमच्या दारात उभे राहून विचारायचे, "मॅडम, तुमच्या नावाला गिरकी देऊ का टणाटण?" मी दरवेळी सांगायचे, काही नको, नाव गप उभं राहू दे. आणि दरवेळी माझं नाव तीनशे पालकांसमोर गिरक्या घेत यायचं.

एकदा तर रजेचा अर्जसुद्धा त्यांनी पीपीटीवर दिला. सहा स्लाइड. तिसऱ्या स्लाइडवर पोटाचं चित्र आणि दुखतंय तिथं लाल बाण, तोही लुकलुकणारा. मुख्याध्यापकांनी दुसऱ्याच स्लाइडला रजा मंजूर केली. सर म्हणाले, "आता एवडं केलंय तर बगून घ्या की." बिचाऱ्यांनी सहाही बघितल्या.

पण निरोप समारंभ आला की आमची तोंडं बंद व्हायची. कुणीही रिटायर होणार असलं, शिक्षक असो की शिपाई, सर सहा महिने आधीपासून त्याचे फोटो गोळा करायला लागायचे. घरी जायचे, बायकापोरांना भेटायचे, जुने अल्बम उचकायचे. मग समारंभाला त्या माणसाचं सगळं आयुष्य पडद्यावर भुर्र भुर्र करत यायचं. आमच्या घंटा देणाऱ्या मामांची पीपीटी बघून मामांची मोठी सून हमसून हमसून रडली होती. सर त्या वेळी अंधारात, पार मागं, लॅपटॉपजवळ. तिथून ते कधी पुढं यायचे नाहीत.

मग सरांचं स्वतःचं वर्ष आलं. जूनपासून ते येताजाता एकेकाला विचारायचे, "माजं कोण करतंय मग?" आम्हाला वाटायचं, गंमत. एकदा तासाला जायच्या घाईत मी म्हटलं, "तुमच्यासारखं कुणाला जमणार? तुमचं तुम्हीच करून टाका की सर!"

ते हसले. मग डस्टर एका हातातून दुसऱ्या हातात घेत म्हणाले, "आपलं आपनच कसं करायचं वो?" आणि वर्गावर गेले. मला कुणीतरी थोबाडीत दिल्यासारखं झालं. वीस वर्षं बरोबर काम केलेला माणूस पाच महिने मागतोय काय, आणि आपण दात काढतोय काय! त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगितलं, सरांची पीपीटी मी करते. ते म्हणाले, "तुम्ही? तुम्हाला तर काल मेलला फाइल जोडता येत नव्हती." हेही खरंच होतं.

फोटो मागायला शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी गेले. सरांनी लग्न केलं नव्हतं. आई होती, ती दोन वर्षांपूर्वी गेली. बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर आणि त्याच्यापुढं चार प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीनं मांडलेल्या.

"कोण येणार आहे का सर?"

"न्हाय वो. मागनं अक्षरं दिसत्यात का बगायला लागतं. हितं बसतो, मग तितं बसतो." चारही खुर्च्यांवर ते एकटेच बसून बघायचे. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की मी पाणी मागितलं.

पाण्याबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली. मी फोटोचं काढलं, तर म्हणाले, "फोटो काडनारा मीच. माजे कुटनं असनार?" तेवढ्यात कॉम्प्युटरवर फायलींच्या यादीत मला माझं नाव दिसलं. माझ्याखाली पाटील मॅडम, त्यांच्याखाली देशमुख सर, सगळा स्टाफ. मी माझ्या नावावर क्लिक केलं. मी निघाले, गिरकी घेत! वीस वर्षांपूर्वीची, सहलीत पाय मुरगळून बसलेली, विज्ञान प्रदर्शनात कुणावर तरी ओरडणारी, लेकीला कडेवर घेऊन मस्टरवर सही करणारी. साठ स्लाइड. शेवटच्या स्लाइडवर तारखेची जागा तेवढी मोकळी.

"अहो, मला अजून अकरा वर्षं आहेत!"

"म्हनून तर करून ठिवलं. मी कुटं असनार तवा?" ते म्हणाले. "सगळ्यांचं केलंय. तारीख तेवडी टाका म्हंजे झालं."

मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले. घरी येऊन खूप रडले, नवरा विचारतोय काय झालं, तर धड सांगताही येईना.

मग कामाला लागले. स्टाफला, माजी विद्यार्थ्यांना, सगळ्या ग्रुपांवर लिहिलं: नाळे सरांचा फोटो असेल तर पाठवा. काय आलं म्हणता? एकात सरांचा कोपर. एकात पेनड्राइव्ह धरलेला हात. तीन फोटोंत पाठ. एकात भिंतीवर पडलेली सावली, तीही निम्मी. काय करणार, तेच घेतलं आणि खाली लिहिलं: 'स्नेहसंमेलन, उजवीकडे सरांचा कोपर.' आदल्या दिवशी एक फोटो बरा आला. सगळ्या मिळून अकरा स्लाइड.

समारंभाला हॉल भरला होता. सर स्टेजवर, गळ्यात हार, डोक्याला फेटा, मांडीवर सोलापुरी चादर. माझं नाव पुकारलं. दिवे गेले. मी बटण दाबलं, आणि सरांचा कोपर डावीकडून आला नि थेट उजवीकडून निघून गेला. पुढचं दाबलं, पाठ आली, पाठ गेली. एकही फोटो पडद्यावर थांबेना. पोरं हसायला लागली. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.

तेवढ्यात स्टेजवरून फेटा हलला. सर हारासकट खाली उतरले, पार मागं लॅपटॉपशी आले. "मॅडम, तुमी फोटूला यायाचंबी दिलंय आन् जायाचंबी दिलंय," ते हळूच म्हणाले. अर्ध्या मिनिटात सगळं नीट केलं. आणि मग खुर्ची ओढून तिथंच बसले, बटणावर बोट ठेवून, स्वतःच्या निरोपाची स्वतःच पीपीटी चालवायला. स्टेजवर त्यांची खुर्ची रिकामी.

मला भयंकर राग आला. त्यांचा की आमचा, कोण जाणे. "सर, उठा," मी म्हटलं. "पुढं जाऊन बसा. मी चालवणार."

"तुमाला जमंल?"

"नाही जमलं तर नाही जमलं. उठा म्हणते ना!"

ते उठले. पुढच्या रांगेत, पोरांच्या शेजारी बसले. मी एकेक स्लाइड दाबत गेले. कोपर, हात, पाठ, सावली. पोरं प्रत्येकाला ओरडत होती, "सर! सर!" शेवटच्या फोटोत मात्र सर सबंध होते. सहलीत झाडाखाली उकिडवे बसून पेरू खाताहेत, तोंड भरलेलं, आणि कशाला तरी पोट धरून हसताहेत. हॉल टाळ्यांनी दणाणला. या खऱ्या होत्या.

दिवे लागले. चहा-चिवड्याकडं गर्दी गेली. सर जागचे हलले नव्हते. मी जवळ गेले.

"ह्यो कुनी काडला?"

"तुमच्या एका विद्यार्थ्यानं. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात आहे आता. मोबाइलवर काढला होता म्हणे."

"मला कळलंच न्हाय," सर म्हणाले. फेट्याच्या शेमल्यानं त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग रिकाम्या पडद्याकडं बघत म्हणाले, "मॅडम, परत एकदा लावता का?"

"तो फोटो?"

"न्हाय. पयल्यापासनं."