कापूरहोळच्या फाट्यावरची दीर्घिका

या खेपेला घर माणसांनी भरलंच पाहिजे, असं आनंदरावांनी ठरवूनच टाकलं होतं. त्यांची लेक शुभ्रा पुण्यात खगोलशास्त्रात संशोधन करते. अवकाशातल्या दुर्बिणीनं तिला एका दूरच्या दीर्घिकेचं, आपल्यासारख्याच दुसऱ्या आकाशगंगेचं, निरीक्षण करायला मिळालं, म्हणजे काय गंमत आहे का? पण गेल्या वर्षी भोरात तिचं व्याख्यान ठेवलं, तर चार डोकी जमली. त्यातली दोन पंख्याखाली बसायला आलेली. आनंदरावांच्या ते जिव्हारी लागलं.

"जाहिरातच चुकली," ते बायकोला, सरोजबाईंना, म्हणाले. "आता बघ. कापूरहोळच्या फाट्यावर दहा फुटी फ्लेक्स लावतो."

फाट्यावरच्या पप्पू फ्लेक्सवाल्याला त्यांनी मोबाईलवर दीर्घिकेचं चित्र, शुभ्राचा फोटो आणि मजकूर धाडला: तिचं नाव, रविवारी सकाळी दहा, राहत्या घरी. "चित्र जरा साफसूफ करून घे रे," असंही बजावलं.

"काका, निवांत ऱ्हावा. आपल्या ताईचं काम हाय."

रविवारी दहाच्या आधीच अंगण भरलं. सारोळ्याची माणसं, बाजारपेठेतली माणसं, शुभ्राच्या शाळेतल्या बाई. सगळे पांढऱ्या कपड्यांत, कुणी हूं की चूं करेना. विज्ञानाबद्दल भोरला एवढा आदर असेल असं आनंदरावांना वाटलं नव्हतं.

गुंजवण्याहून गेनूबा आणि सगुणाबाई आले. कॉलेजात असताना शुभ्रा तारे बघायला यांच्याच खळ्यात मुक्काम टाकायची. गेनूबांनी आनंदरावांना मिठीच मारली.

"लई वाईट झालं, दादा."

"वाईट कसलं? अहो, तिनं नाव काढलं."

"व्हय, त्ये तर काढलंच," म्हणत गेनूबांनी डोळे पुसले. सगुणाबाईंनी फडक्यात बांधलेली पिठलं-भाकरी पुढं केली.

"हे कशाला आणलंत? आत चहा टाकलाय."

"आज तुमच्यात चूल कोण पेटवणार? आन् चा नगं. घोटभरबी नगं."

चहाला नाही म्हणणाऱ्या सगुणाबाई आनंदरावांनी पहिल्यांदाच पाहिल्या. एवढ्यात शुभ्रा ट्रे घेऊन बाहेर आली.

"सगुणामावशी, तुम्हीपण आलात?"

शाळेतल्या बाई मटकन खाली बसल्या. गेनूबा दोन पावलं मागं सरले. सगुणाबाईंनी मात्र पुढं होऊन पोरीचे गाल चाचपले, पाठीत एक धपाटा घातला आणि तिला कवटाळून अशा रडल्या की चहा सगळा लवंडला.

गेनूबांनी मोबाईलमध्ये काढलेला फ्लेक्सचा फोटो दाखवला. काळाकुट्ट फ्लेक्स, मधोमध शुभ्रा, तिच्याभोवती झेंडूचा हार. दीर्घिकेचा पत्ता नाही.

आनंदरावांनी पप्पूला फोन लावला. "अरे, दीर्घिका कुठं गेली?"

"ती आन् काय? तुमच्या चित्रात मधी पांढुरका डाग पडला हुता. साफ कर म्हणला, म्या केला. मग लई मोकळं दिसाया लागलं, म्हणून ताईंना मधी घेतलं. हार आपल्या दुकानाकडनं."

आता कुठं तोंड लपवावं? पण कुणी उठलंच नाही. शुभ्रानं प्रोजेक्टर लावून तो डाग ओसरीच्या भिंतीवर दाखवला. त्यात अब्जावधी तारे आहेत, आणि तिथून हा प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वीसुद्धा नव्हती, म्हणाली. तिथं आता नवे तारे जन्मत नाहीत, जुनेच तेवत बसलेत.

"आमच्या गावावाणी," सगुणाबाई म्हणाल्या, आणि सगळं अंगण हसलं. पिठलं-भाकरी हातोहात संपली.

आनंदराव दाराशी उभे राहून बघत होते. दीर्घिका यांना कळो न कळो, आपल्या पोरीसाठी ही माणसं हातातलं काम टाकून धावत आली. त्यांनी गेनूबांचे हात धरले. "फार उपकार झाले तुमचे," म्हणाले.

तेवढ्यात पप्पूचा फोन आला. "काका, चुकलंच माजं. आत्ता फ्लेक्स उतरवतो."

आनंदरावांनी गच्च भरलेल्या अंगणाकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"आठवडाभर राहू दे रे. खालचा पत्ता तेवढा बदल. पुढच्या रविवारी तिचं नसरापूरला व्याख्यान आहे."

सरोजबाई मागंच उभ्या होत्या, हे त्यांना जरा उशिरा कळलं.