मेश्राम भाऊजींची चादर

मेश्राम भाऊजींची चादर मी धुतली, हा माझा आयुष्यातला सगळ्यात मूर्ख पराक्रम. तेव्हा लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. रायपूरच्या या कॉलनीत माझ्याइतके पांढरे कपडे कोणीच धूत नाही, असा मला भारी माज. शेजारी, भाऊजींच्या गच्चीवर एक चादर चार कोपऱ्यांना चार विटा ठेवून आठवडाभर पसरलेली. मला वाटलं, त्यांची बायको शीला विसरली असेल बिचारी. उचलली, भिजवली, आपटली, नीळ दिली, खळ दिली, घडी घालून नेऊन दिली, आणि कौतुकासाठी दारातच उभी राहिले.

भाऊजींनी चादरीकडे असं पाहिलं, जसं कोणी घरातलं गेलंय.

"वहिनी, हप्ताभराची मेहनत होती हे."

"मेहनत तर माझी झाली!" मी म्हटलं. काय अक्कल होती माझी.

मग त्यांनी समजावलं. सिलतऱ्या-उरल्याच्या कारखान्यांकडून जी काळी धूळ येते ती एका हप्त्यात किती पडते, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. पुरावा मी मोरीत घासला होता. पण माझा स्वभाव चिकट. धुण्याचं पाणी मी आंगण धुवायला बादलीत ठेवलेलं. ते कळताच भाऊजींचा चेहरा उजळला. बादली त्यांनी गल्लीत नेली, स्टुलावर ठेवली, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून म्हणू लागले, "पहा. हे हवेतून आलं. वहिनीनं काढलं."

माझ्या सासूबाईंनीही वाकून पाहिलं. तोवर त्यांचं ठाम मत होतं, की घरात काळं दिसतं ते सुनेला पोछा मारता येत नाही म्हणून.  त्या दिवशी संध्याकाळचा चहा त्यांनी केला.

तर असा आमच्या कॉलनीचा 'चादर दिवस' जन्माला आला: माझ्या मूर्खपणाच्या पोटी.

भाऊजी रेल्वेत होते. काटकुळे, पांढरा सदरा, पांढरा पायजामा. रंगीत कपडा अंगावर कधी नाही. म्हणायचे, "रंगीत कपडा खोटं बोलते." कुठंही गेले की पहिलं काम म्हणजे दिसेल त्या वस्तूवरून बोट फिरवायचं आणि समोरच्याच्या नाकापुढे धरायचं. "बोट पहा." नमस्कार नंतर. लग्नाच्या मांडवात नवरदेवाच्या गाडीवर बोट फिरवलं. बँकेत साहेबांच्या टेबलावर फिरवलं. माझ्या पोरीला पाहायला पाहुणे आले, तर हे महाशय मध्येच उठून खिडकीच्या चौकटीकडे गेले. माझा जीव खाली-वर.

"बोट पहा," ते होणाऱ्या सासूला म्हणाले. "हे धूळ या घरची नाही. बाहेरून येते. पोट्टीनं सकाळीच पुसलं होतं, मी पाह्यलं."

सोयरीक जमली. त्या बाई अजून विचारतात, ते बोटवाले काका कसे आहेत.

आणखी एक खोड होती. बाहेरून आले की घरात शिरायच्या आधी ओसरीवरच सदरा झटकायचे, बदलायचे, हातपाय धुवायचे, केसांवरून ओला रुमाल फिरवायचे, मग आत. आम्ही बायका हसायचो. मी तर त्यांची हुबेहूब नक्कल करून दाखवायचे, रुमालासकट. शीलाला दमा होता, आणि हा माणूस धुळीचा कण तिच्यापर्यंत जाऊ देत नव्हता, हे समजायला मला किती वर्षं लागली ते विचारू नका.

त्या बादलीनंतरच्या दुसऱ्याच हिवाळ्यात चार गच्च्यांवर चादरी पसरल्या. मग पूर्ण गल्लीत. मग शेजारच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बायका आल्या आणि म्हणाल्या, आमची तुमच्यापेक्षा काळी निघते. झालं! जशी कोणाची भाजी जास्त चमचमीत, तशी चुरस. मीसुद्धा माझी चादर रस्त्याच्या बाजूला सरकवून पसरायचे, खोटं कशाला बोलू. भाऊजींनी बक्षीस ठेवलं: पांढरा टॉवेल.

मग शाळेची मुलं आली. मग नगरसेवक आले, त्यांच्यामागून माईक आला, माईकमागून भाषणं. फ्लेक्सवर 'पर्यावरण जागरूकता दिवस' छापून आलं आणि खाली सगळ्यांचे फोटो. भाऊजींचा राहून गेला. समोसे प्लास्टिकच्या प्लेटांत. भाषणं चालू असताना भाऊजी त्या प्लेटा गोळा करत फिरायचे. कार्यक्रमाच्या कमिटीतला बबलू एकदा म्हणाला, "अंकल, अगले साल एसी हॉल में करते हैं."

"हव," भाऊजी म्हणाले, "अन् धूळ काय घरून डब्यात आणू?"

शीला या सगळ्यात कुठंच नसायची. तिला जिने चढवत नव्हते, आणि गच्चीवरची हवा तर डॉक्टरांनी बंदच केलेली. खिडक्या लावलेल्या खोलीत पलंगावर बसून असायची. कार्यक्रम संपला की मी जायचे, ती विचारायची, "किती निघाली जी यंदा?" मी सांगायचे, "लई." ती मान हलवायची आणि भिंतीकडे पाहायची.

यंदाच्या चादर दिवशी सकाळी मी गच्चीवर गेले, तर चादर पांढरी. अगदी नीळ दिल्यासारखी नाही, पण पांढरी. एक मोठा कारखाना दुरुस्तीला बंद होता म्हणे, आणि वारंही आठवडाभर उलटं. बबलू डोक्याला हात लावून उभा. "आंटी, गेस्ट घर से निकल गए हैं. फ्लॉप हो जाएगा पूरा. अंकल की हँसी उड़ेगी."

तेच माझ्या मनात आलं. एवढी वर्षं बोटं दाखवणारा माणूस, आणि आज सगळ्या कॉलनीपुढे पांढरी चादर! लोक टाळ्या पिटून हसतील. मी तडक घरी गेले, जुन्या तव्याची पाठ खरवडली, वाटीभर काजळी केली आणि गुडघ्यांना शिव्या देत परत वर आले. बबलू खाली पळाला होता. भाऊजी एकटेच चादरीच्या कडेला बसलेले.

"सरका भाऊजी," मी म्हटलं. "दोन चिमट्या टाकून देते. कोणाले काही समजत नाही."

त्यांनी चादरीवरून बोट फिरवलं. स्वतःच पाहिलं. मग माझ्याकडे धरलं. बोट स्वच्छ होतं. मी वाटी पुढे केली, तर त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला. खाली माईकवाला हॅलो-हॅलो करून राहिला होता.

"भाऊजी, लोक हसतीन ना!"

ते उठून जिन्याकडे निघालेसुद्धा. वळून म्हणाले, "हसू द्या. वाटी ठेवा अन् खाली चला, वहिनी. शीलाले वर आणू. एका बाजूनं तुम्ही धरा, एका बाजूनं मी. पाहुणे थांबतीन, हे हवा थांबनार नाही."