लोपीसकाकांचं पोर्तो

इथं कतारला, दोह्यात, आमच्या शेजारच्या लोपीसकाकांना बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये स्वतःची गाडी सापडत नाही. वॉचमन रोज सकाळी हाताला धरून नेतो. पण पोर्तुगालातल्या पोर्तो शहरात डोळे बांधून सोडा, एकूण एक चर्च दाखवतील. आणि हा माणूस पोर्तोला जन्मात गेलेला नाही!

काका वसईचे, त्यामुळे चर्चला देऊळच म्हणतात. दोह्यातून कुणी युरोपला निघालं, अगदी नॉर्वेला, की काका दारात हजर. "वाटेत पोर्तो करून ये."

"काका, ते वाटेत नाही येत."

"वाट काढायची असते रे. यल्ला, चल, ऐक."

मग सुरू. सेंट फ्रान्सिसच्या देवळात लाकडावर इतकं सोनं चढवलंय, की आत गेलेला सोनार स्ट्रेचरवरूनच बाहेर येतो. कार्मोचं देऊळ आणि त्याच्या शेजारचं देऊळ यांच्या मधोमध एक घर आहे. एवढं चिंचोळं, की कूस बदलायची तर माणसाला रस्त्यावर यावं लागतं. आणि त्याच कार्मोची ती निळ्या टाइल्सची भिंत! "बाकी राहिलं तरी चालेल, भिंतीसमोर तासभर उभं राहायचं." परतलेल्याला चहाच्या आधी प्रश्न, "तिथं ओळखीचं कुणी दिसलं?"

ओळखीचं म्हणजे शर्ली. काकांची एकुलती एक मुलगी. तिथं नर्स आहे, त्या भिंतीमागच्याच गल्लीत राहते. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, काका गेले नाहीत, तेव्हापासून बापलेकीचं बोलणं खलास. फोन करा म्हटलं की काका गुरकावतात, "मी देवळांबद्दल बोलतोय!"

यंदा ऑफिसनं मला लिस्बनला पाठवलं. सुटीच्या दिवशी मी पोर्तो गाठलं, शर्लीला गुपचूप बोलावून घेतलं आणि भिंतीसमोरून काकांना व्हिडिओ कॉल लावला.

"डावीकडे घे. आता वर. हलवू नकोस रे, भूकंप झालाय का तिथं?" काकांनी टाइलन् टाइलची हजेरी घेतली.

"विन्या, भिंत पुरे. कॅमेरा जरा खाली घे."

खाली शर्ली उभी होती. हॉस्पिटलच्या कपड्यांत, वाऱ्यानं केस विस्कटलेले.

काका बघत राहिले. मग खाकरून मला म्हणाले, "बारीक झालीये. विचार तिला, जेवते का."

"विनूदादा, त्यांना सांग, जेवते. आणि बीपीची गोळी वेळेवर घेतात का, विचार."

"घेतो म्हणावं. आणि तिला सांग, वारा आहे. कान झाकून घे."

फोन स्पीकरवर होता, शर्ली दोन हातांवर. तिनं सगळं ऐकलं होतं. तरी ती माझ्याकडेच बघत थांबली.

मी सांगितलं. पदरचा एक शब्द न घालता.