सात नंबरची निलगिरी

दामूकाका लग्नाच्या मांडवातून निघतानासुद्धा दोन्ही खिसे उलटे करून झटकतात. विवळवेढ्याला माझ्या मेव्हण्याच्या लग्नात त्यांनी हे केलं, तेव्हा वधूपक्षाची चार माणसं त्यांचं हरवलेलं पाकीट शोधायला खुर्च्यांखाली वाकली होती.

ही सवय आमच्या प्लॉटवरची. कैनाडजवळ तारेच्या कुंपणात आम्ही निलगिरी लावली आहे. प्रयोगशाळेत जनुकं बदलून तिचं लाकूड मऊ केलंय, म्हणजे त्यातून इंधन काढणं सोपं जावं. ही मऊ झाडं उघड्यावर वाढतात का आणि वाऱ्यात टिकतात का, एवढंच बघायचं. काका झाडं मोजतात, राखतात. मी नोंदी संगणकात भरतो. झाडाचं पानही कुंपणाबाहेर जाता कामा नये, असा नियम आहे. काकांनी तो फारच मनावर घेतला.

"आतलं आत, भायेरचं भायेर," असं म्हणत ते आमच्या शास्त्रज्ञ मॅडमनाही गेटवर चपला धुवायला लावतात. एकदा एक शेळी आत घुसून पान खाऊन बसली. काकांनी तिला दोन दिवस आतच बांधली. "पान आत खाल्लं, लेंडी पन आतच टाकंल." शेळीच्या मालकिणीने कुंपणाबाहेरून काकांचा यथेच्छ उद्धार केला. काकांनी तोही वेळेसकट वहीत नोंदवला.

मऊ झाडांतलं सात नंबरचं अगदीच किरटं, एका अंगाला कललेलं. काका त्याला 'आमची बाय' म्हणायचे.

गेल्या पावसाळ्यात दोन दिवस समुद्रावरून सोसाट्याचा वारा आला. तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या, तर मऊ झाडांची अख्खी रांग आडवी आणि सात नंबर तेवढं उभं. मॅडम हरखल्या. "पुढच्या लागवडीला याचीच रोपं करू!"

काकांनी हातातली वही मिटली. मग म्हणाले, "नका करू मॅडम. ते काठीवर उभं व्हतं. वारा सुटला तवा बांधली, आज सकाळी सोडली."

"अहो काका, ते आपलं आपण टिकतं का, हेच तर बघायचं होतं!"

"ठाव हाय."

मॅडमनी सात नंबरवर काट मारली. मला भयंकर राग आला. शेळीला न सोडणारा हा माणूस! मॅडम गेल्यावर मी विचारलंच, "काका, का केलंत असं?"

त्यांनी कुंपणातल्या खोपटातून काठी आणली. मुठीशी झिजून गुळगुळीत झालेली.

"आमच्या हिची. दोन वर्सं हिच्याच आधारानं अंगणात यायची. ती गेली, तवापास्नं घरात कोपऱ्यात नुसती उभी व्हती."

काका गेटच्या आत उकिडवे बसले आणि काठीच्या टोकाची माती नखाने खरवडून काढू लागले. सगळी माती आत पडली, तेव्हा उठले. खिसे झटकले आणि काठी जमिनीला न टेकवता, हातात धरून घरी गेले.