बेस गिटार

भिवातात्या आमच्या दारावर थाप मारत, पण आत येण्यासाठी नव्हे. पहिल्यांदा मी लगबगीनं दार उघडलं, तर ते कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "कशापायी उगडलं, गुरुजी? लावा परत. आवाज तुटला." मी दार लावलं. त्यांनी पुन्हा थाप मारली, फळीला कान लावला आणि बाहेरूनच निकाल दिला, "सागवान न्हाई. फसवलं तुमाला." आणि घरी निघून गेले. मी भाडेकरू होतो, त्यामुळे फसवलं असेल तर घरमालकाला, एवढंच काय ते समाधान.

मी तेव्हा भोरला प्राथमिक शिक्षक म्हणून नुकताच लागलो होतो आणि तात्या माझे शेजारी होते. रामूमास्तरांच्या बँडमध्ये ते भोंगा वाजवत. भोंगा म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालणारं भलंमोठं पितळी प्रकरण. ते एकदा चढवलं की तात्यांचे फक्त डोळे आणि वहाणा दिसत. रामूमास्तर क्लॅरिनेटवर गाणं वाजवत, लोक त्यांच्यावर नोटा ओवाळत, आणि तात्यांच्या भोंग्यातून पों आणि पों एवढंच निघे. पण अख्खा बँड त्या पोंवर उभा आहे याबद्दल तात्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. "वरचं कुनीबी वाजवंल," ते म्हणत, "खालचं कोन बगनार?"

हे वाक्य ते कुठंही वापरत. जेवायला बसले की आमटी पातेल्याच्या तळातली मागत. एसटीत चाकावरच्या बाकाशिवाय बसत नसत, कारण गाडीचा खरा आवाज तिथं येतो. एकदा माझ्या वर्गाच्या खिडकीशी उभे राहून त्यांनी पाढे ऐकले आणि मधल्या सुट्टीत मला बाजूला घेतलं. "सगळी वरनं वरडत्यात," ते म्हणाले. "येखादं जाड आवाजाचं पोर खाली बशीवा, न्हाईतर ते पाढं उडून जात्याल." त्या वर्षी माझ्या वर्गाचे पाढे खरोखरच उडून गेले, पण त्याचं कारण वेगळं होतं.

पुढं तात्यांना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छाती तपासली आणि फुंकायचं कायमचं बंद केलं. रामूमास्तर भला माणूस. ते मुद्दाम घरी आले आणि म्हणाले, "तात्या, बँड सोडू नगा. खुळखुळा वाजवा."

हा प्रसंग तात्यांनी मला सांगितला तेव्हा मला हसू आवरेना. जन्मभर खालचं सांभाळलेल्या माणसाच्या हातात खुळखुळा. तात्या मात्र हसले नाहीत. दोन-तीन दिवस त्यांनी कुणाच्या दारावर थापसुद्धा मारली नाही. मग शेवंताकाकू, त्यांच्या मंडळी, माझ्याकडं आल्या. "पुन्याला जायाचं म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "न फुकता वाजतंय असं कायतरी बगून आल्यात कुटं. तुमी संगट जावा. एकलं गेलं तर दुकानाची दारंच बडवत बसत्याल."

पुण्याच्या दुकानात काचेच्या कपाटात एक जुनी अमेरिकन विजेची गिटार टांगलेली होती. तिची किंमत दुकानदारानं सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. तिच्या खाली तशीच दुसरी होती. जुन्याच मापावर कंपनीनं पुन्हा काढलेली. "रंग तोच, घाट तोच," दुकानदार म्हणाला, "फक्त ही परवडते." त्यानं वायर जोडली आणि सगळ्यात जाड तार छेडली. खालची फरशी घुमली. तात्यांनी वहाणा काढल्या आणि अनवाणी उभे राहून म्हणाले, "परत वाजवा."

त्यानं परत वाजवली. "ही बेस आहे," तो म्हणाला.

"बेस तर हायच. पर हिला म्हनत्यात काय?"

"बेस."

"आवं, बेस हाय ते कळलं मला. नाव सांगा की."

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. बेस म्हणजे खालच्या सुरांची गिटार, एवढा खुलासा मला करता आला असता, पण इतकी चांगली करमणूक फुकट चाललेली असताना कोण मध्ये पडेल? शेवटी तात्यांनीच मिटवलं. इतकी बेस वस्तू आहे की तिचं नावच बेस पडलं, असा त्यांनी अर्थ लावला, आणि ती विकत घेऊन भोरला आल्यावर सगळ्या आळीला तोच सांगितला.

आळीनं मात्र तारा मोजल्या. सिनेमातल्या गिटारीला सहा तारा असतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. हिला चारच. बेसला असतातच तेवढ्या, पण आळीला ते कोण सांगणार? शेजारचे शिंपी म्हणाले, "तरीच स्वस्तात दिली. दोन काडून घेतल्या आसत्याल." काकू म्हणाल्या, "जगाची दारं वाजवून बगनारा मानूस, आन सोताच्या तारा मोजल्या न्हाईत." तात्यांनी एकच उत्तर दिलं. गेलेल्या दोन तारा वरच्या होत्या.

अडचण होती ती विजेची. वरातीत वीज कुठली? म्हणून हातगाडीवर कर्ण्याची पेटी ठेवली, तिच्याखाली मोटारीची बॅटरी, आणि पेटीपासून तात्यांपर्यंत वायर. भोरमधल्या पहिल्याच वरातीत बँड बाजारपेठेकडं वळला आणि हातगाडी राजवाड्याकडं. तात्या उलट्या पावली राजवाड्याकडं ओढले गेले. वाजवायचं मात्र थांबले नाहीत. लोकांना वाटलं, हा नाचाचाच भाग असावा.

रामूमास्तरांना तसं वाटलं नाही. "पासलीच्या लग्नात बगू," ते म्हणाले. "तितं जमलं तर जमलं." नाही जमलं तर काय, हे तात्यांना माहीत होतं. खुळखुळा मास्तरांच्या पिशवीत तयार होता.

पासली गावातलं हे लग्न माझ्याच शाळेतल्या शिक्षकाचं, त्यामुळे मीही बँडच्या टेम्पोत होतो. तिथल्या चढावर हातगाडी चालणार नव्हती, म्हणून पेटी आणि बॅटरी बैलगाडीत चढवली. पुढं बँड, मागं बैलगाडी आणि तिला वायरीनं बांधलेले तात्या, अशी मिरवणूक निघाली. मी गाडीशेजारून चाललो होतो. सुरुवातीला पायाखालची जमीन छान घुमत होती. मग चावडीच्या वळणावर गाडीनं जबर गचका खाल्ला आणि पेटीवरचा तांबडा दिवा विझला. बॅटरीनं मान टाकली होती.

तात्यांनी दिव्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि वाजवत राहिले. देवळापर्यंत त्यांची बोटं एकदाही थांबली नाहीत, आणि आवाज शून्य. ढोल दणाणत होते, क्लॅरिनेट गात होतं, पोरं नाचत होती. कुणाचं काही अडलं नाही.

अक्षता पडल्यावर ते मला मांडवामागं दिसले. गिटार गोधडीत गुंडाळत होते.

"तात्या, आवाज नव्हता. मग थांबला का नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी गाठ आवळली. "थांबलो आसतो," ते म्हणाले, "आन कुनाच्या ध्यानातच आलं नसतं तर? मंग म्या इतकी वरसं काय करत हुतो, गुरुजी?"

मी गोधडीचं सुटलेलं टोक आत खोचलं. त्यांची आजवर उडवलेली सगळी टर मला आठवली. तेवढ्यात रामूमास्तर मांडवाला वळसा घालून आले. क्लॅरिनेट काखेत आणि चेहरा त्रासलेला.

"तात्या, आज काय झालं हुतं?" ते म्हणाले. "चावडीच्या वळनापास्नं माज्या पाठीमागं कुनी न्हाईच आसं वाटाय लागलं. सूर धरवंना. दोनदा वळून बगितलं, तर तुमची बोटं चालूच. म्हनलं, माजंच कान गेलं."

"बॅटरी बसली," तात्या म्हणाले.

"मंग सांगायचं न्हाई व्हय? जाताना कापूरहोळला टेम्पो थांबवू, नवी घिऊ. आसं परत नगं. भ्या वाटतंय."

तात्यांनी मान हलवली. उपरण्यानं तोंड पुसलं. मग अगदी हळू विचारलं, "कुटनं म्हनलात, मास्तर?"

"चावडीच्या वळनापास्नं."

टेम्पोत बसल्यावर कापूरहोळ येईपर्यंत तात्यांनी हेच आणखी दोनदा विचारलं, आणि मास्तरांनी न कंटाळता दोन्ही वेळा सांगितलं.