वास ओढणारं यंत्र

माळावर मटण प्रक्रियेचा कारखाना काढायचा असेल तर आधी गावच्या देखरेख समितीची मान्यता हवी, असं ग्रामसभेत ठरलं. समितीच्या अध्यक्ष झाल्या शकुबाई. त्यांचं शेत माळाला लागूनच होतं आणि वर्षाची हळद उकडून तिथंच वाळत घातलेली होती.

"हळदीला मटणाचा वास लागला तर वसमतचा व्यापारी हात तरी लावंल का?" त्यांनी कंपनीच्या स्वप्निल साहेबांना विचारलं.

"बाई, आमच्या यंत्रामुळे वास भिंतीबाहेर येतच नाही."

"मंग दाखवा."

साहेब इरेला पेटले. रविवारी त्यांनी माळावर पत्र्याची खोली उभी केली, तिला वास ओढणारं यंत्र बसवलं आणि आत मटण शिजवायला तांड्यावरच्या हरिचंदला बसवलं. निमंत्रण फक्त समितीच्या पाच जणांना होतं. माळावर गाडी चढेना, म्हणून ड्रायव्हर जगनला गावापलीकडच्या फाट्यावरच थांबायला सांगितलं होतं.

हरिचंदनं कांदा-खोबरं भाजून मसाला परतला आणि यंत्र सुरू झालं. यंत्र काही खोटं नव्हतं. त्यानं आतला वास इमानेइतबारे ओढून घेतला आणि मागच्या नळीतून गावाच्या दिशेनं सोडून दिला.

आधी कुत्री आली. मग बैल शोधत एक जण आला. बैल त्याच्या गोठ्यातच बांधलेला होता. मग बाया लेकरं शोधत आल्या, लेकरं कडेवर घेऊन.

"काहून आलात?" शकुबाईंनी विचारलं.

"सहजच फिरून राहिलो," गाव म्हणालं.

साहेबांना वाटलं, गाव पाठिंबा द्यायला आलंय. त्यांनी खुशीत पंगत बसवली. शकुबाई तेवढ्या हळदीपाशी बसून एकेक कांडी नाकाला लावून पाहत होत्या.

जेवणं झाल्यावर साहेब उभे राहिले. "ज्यांना वास आला त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. गाव खाल्ल्या मिठाला जागत होतं.

"वास?" समितीचे सदस्य तातेराव तिसऱ्यांदा रस्सा घेत म्हणाले. "न्हाई बा. कसला वास?"

शकुबाईंनी हातातली कांडी खाली ठेवली. समितीच एका रश्श्यात फुटली, तर हळदीकडे बघणार कोण? त्या उठल्या.

"बराबर हाय. आता ज्यांना बोलावणं नव्हतं, त्यांनी उभं ऱ्हावं."

कोणी हललं नाही.

"उभं ऱ्हाता का मी एकेकाचं नाव घिऊ?"

अख्खं गाव उभं राहिलं. बसलेली दिसली ती फक्त समिती. तातेरावांना पत्रावळीवरून मान वर करवेना.

"गाव जवळच आहे हो," साहेब चिडले. "चूल पेटलेली लांबून दिसली असेल. वासाचा काय संबंध?"

तेवढ्यात मागच्या रांगेतून आणखी एक जण हात पुसत उठला. तो जगन होता.

"तुला गाडीत थांबायला सांगितलं होतं ना?" साहेब ओरडले.

"थांबलो होतो की साहेब. काचा लावून बसलो होतो," जगन म्हणाला. "तरी वास आला."