आईच्या मापाचं रेलिंग

“हत्ती लटकला तरी हलणार नाही, असं रेलिंग बसवतो की नाही बघ!” गुरुवारी सकाळी काळजीवाहूने बायकोला ठणकावून सांगितलं.

बायकोने फक्त दाराबाहेरच्या पाच पायऱ्यांकडे पाहिलं. तीन आठवड्यांपूर्वी याच पायऱ्यांवरून सासूबाई पडल्या होत्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या होत्या. ऑपरेशन झालं होतं. शनिवारी त्या घरी यायच्या होत्या.

काळजीवाहू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायचं त्याचं काम. माणूस कुठे, कसा आणि कशावरून पडू शकतो हे वीस वर्षं वाचून वाचून त्याची अशी गत झाली होती, की गॅस बंद केला का ते बघायला तो बसस्टॉपवरून रोज दोनदा परत यायचा. गल्लीने नाव ठेवलं, ते चिकटलं.

आईने दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, “अरे, धरायला काहीतरी बसव.” पण हा पडला अभ्यासू! लाकडी घ्यावं तर वाळवी, लोखंडी घ्यावं तर गंज, गोल घ्यावं तर ओल्या हातातून निसटेल, चौकोनी घ्यावं तर कडा टोचतील. याचा अभ्यास संपायच्या आत आई पडली. ही बोच त्याच्या काळजात रुतून बसली होती. पुन्हा पडली तर?

“वेल्डिंगवाल्याला बोलवा ना,” बायको म्हणाली.

“त्याला आईचं मनगट ठाऊक आहे का? रेलिंगची उंची मनगटावरून ठरते. मी स्वतः मोजणार!”

तो गेला दवाखान्यात. आईला डुलकी लागली होती. उठवायचं कशाला, म्हणून त्याने खिशातून टेप काढला आणि टाचेपासून मनगटापर्यंत हलकेच ताणला. चूक नको, म्हणून टाचेपासून डोक्यापर्यंतही. मग खांद्यांची रुंदी. आकडे कागदावर लिहून त्याने एक मोठा उसासा टाकला.

शेजारच्या खाटेवरच्या बाई डोळे विस्फारून बघत होत्या.

“अहो!” त्या किंचाळल्या. “अजून श्वास चालू आहे त्यांचा!”

“असू दे की,” तो आकड्यांच्या तंद्रीत म्हणाला. “ऐनवेळी धावपळ नको. शनिवारी न्यायचंय.”

बाईंनी घंटेचं बटण दाबलं ते सोडलंच नाही! त्यांचं ब्लडप्रेशर असं चढलं की नर्स धावली, डॉक्टर धावले आणि काळजीवाहूची वॉर्डातून रवानगी झाली.

आता पाईपची जाडी. मुठीत बसला नाही तर पाईप काय कामाचा? आईच्या मुठीत वर्षानुवर्षं पक्कं बसलेली वस्तू एकच, लाटणं! ते उगारून तो हार्डवेअरच्या दुकानात शिरला, तसा दुकानदार काउंटरमागे सरकला.

“साहेब, काय असेल ते शांतपणे बोलू.”

अकरा पाईप नापास झाले. बारावा लाटण्याशी जुळला. दुकानदाराने दोन खांबांवर तो पायऱ्यांच्या उताराप्रमाणे तिरका जोडून दिला आणि सुटकेचा श्वास सोडला.

शुक्रवारी रजा टाकून काळजीवाहूने पायऱ्यांच्या उघड्या बाजूला दोन भोकं पाडली, एक खाली, एक वर. खांब उभे केले, सिमेंट ओतलं.

“उद्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही,” तो घाम पुसत म्हणाला. “उद्या खुशाल हत्ती आण!”

तेवढ्यात धाकट्या बहिणीचा फोन.

“दादा, आईला आजच सोडलं! शेजारच्या बाई म्हणाल्या, एक तर यांना हलवा नाहीतर मला. डॉक्टर म्हणाले, तब्येत उत्तम आहे, आजच न्या. आम्ही कोपऱ्यावर आहोत.”

काळजीवाहूच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला काही सुचायच्या आत टॅक्सी फाटकाशी थांबलीसुद्धा. आई काठी टेकत उतरली, तिने रेलिंग पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

“दोन वर्षांनी का होईना, ऐकलंस हो!”

झालं! आता ‘ओलं आहे’ म्हणायचं त्याच्या जिवावर आलं.

“आई, खुर्चीत बसवून उचलू का तुला?”

“मी काय कपाट आहे?”

आई निघाली. काळजीवाहूने थेट फुलझाडांच्या वाफ्यात उडी मारली आणि खालचा खांब कवटाळला. बायकोला डोळ्यांनी खुणावलं, तशी तिने वरच्या खांबाला मिठी मारली.

“दादा, तू वाफ्यात काय करतोयस?” बहिणीने विचारलं.

“तण काढतोय!”

आईने पाईपवर हात ठेवला. पहिली पायरी. खांब पडायला आलेल्या दातासारखा हलला. दुसरी. काळजीवाहूला आजवर वाचलेला एकेक दावा आठवला. तिसऱ्या पायरीला त्याच्या कंबरेतून ‘कट्ट’ आवाज आला.

“काय वाजलं रे?”

“रेलिंग... बसतंय जागेवर,” तो दातओठ खात म्हणाला. डोळ्यांपुढे ब्रह्मांड उभं राहिलं होतं.

चौथी. पाचवी. आई वर पोचली, वळली आणि शांतपणे म्हणाली, “सोड आता. सिमेंट ओलं आहे, ते मला फाटकातूनच दिसलं. मी नुसता हात ठेवला होता. दवाखान्यात चार दिवस काठीवर जिना चढवतायत मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू एवढा जिवावर उदार होऊन उभा होतास. म्हटलं, दचकून सोडलंस तर तूच पडशील.”

त्याने खांब सोडला. पण सरळ काही उभं राहता येत नव्हतं.

शनिवारी रेलिंग दगडासारखं पक्कं झालं, किंचित वाफ्याकडे कललेलं. आई काठी टेकत, त्यावर जेमतेम बोटं ठेवून ये-जा करू लागली. दोन्ही हातांनी गच्च धरून, कंबरेला पट्टा बांधून चढायचा तो काळजीवाहू! त्यात उंची आईच्या मनगटाची. बिचारा वाकून वाकून अर्धा झाला.

सोमवारी तो असाच तिसऱ्या पायरीवर अडकला असताना टाचेला काहीतरी गार लागलं. खाली बायको टेपचं टोक धरून बसली होती, दुसरं टोक वरून आई ताणत होती, आणि फाटकात वेल्डिंगवाला वही उघडून उभा होता.

“हलू नकोस,” आई म्हणाली. “दुसऱ्या बाजूलाही एक लागणार. या खेपेला तुझ्या मापाचं. आणि बसवायला हे आलेत.”

वेल्डिंगवाल्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि मोठा उसासा टाकला.

“अगं आई,” काळजीवाहू कळवळला, “अजून श्वास चालू आहे माझा!”